आयत्या बिळावर नागोबा

गेल्या वर्षी टेक फेस्टची वेबसाइट करायचं काम आमच्या रूमवर आलं. रात्री दोन वाजता एकाला आयडिया सुचली. एक निवृत्त सर स्वखर्चाने साइट चालवतात, त्यावर रोबोटिक्सचे झकास धडे आहेत. ते पान आयफ्रेम टाकून आमच्या पानात बसवलं. एका ओळीचं काम! वर आमचा लोगो, बाजूला स्पॉन्सरची जाहिरात, मध्ये सरांची मेहनत. त्यांच्या नावाची पट्टी चौकटीबाहेर जाईल, अशी सोयही केली. ॲड्रेस बारमध्ये पत्ता अर्थातच आमचा. सगळे म्हणाले, "काय भारी साइट केलीय!" आम्ही मान डोलावली.

आठवड्याने सरांचा मेल आला. रागावले नव्हते. धडे खुशाल वापरा, फक्त नाव राहू द्या, एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण आपण कॉपी कुठे केली?" असं आमच्यातला एक म्हणालाच. खरंय. फाइल सरांच्याच सर्व्हरवर होती. म्हणजे बँडविड्थचा खर्चही त्यांचा आणि कौतुक आमचं!

हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत टोटलन्यूज ही साइट वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन वगैरेंची पानं आपल्या चौकटीत, स्वतःच्या जाहिरातींसोबत दाखवायची. १९९७ मध्ये ही मंडळी कोर्टात गेली. त्याच वर्षी तडजोड झाली: चौकट बंद, फक्त लिंक द्यायची.

पुढे अदृश्य फ्रेम वापरून लोकांना भलतीकडेच क्लिक करायला लावणारे निघाले. म्हणून २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ने एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हे हेडर आणलं. साइटने ते पाठवलं, की ब्राउझर तिचं पान परक्या चौकटीत उघडत नाही. सरांनी ते लावलं नव्हतं. पण कडी लावली नाही म्हणून शेजाऱ्याची बादली आपली होते का? (होस्टेलवाल्यांनी कृपया 'हो' म्हणू नये!)

माझं मत साधं आहे. यूट्यूब, गूगल मॅप्स स्वतःच एम्बेड कोड देतात, तिथे बिनधास्त लावा. बाकी ठिकाणी आधी विचारा. विचारायला वेळ नसेल, तर नाव लिहून लिंक द्या.

आम्ही ती फ्रेम काढली आणि सरांच्या नावासह लिंक दिली. साइट आता जरा रिकामी दिसते. दिसू दे. जेवढी आहे, तेवढी आमची आहे.