लोकाश्रयाच्या वेषातला राजाश्रय

राजाश्रय आणि लोकाश्रय हा भेद साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. दूरचित्रवाणीचा पैसा मात्र लोकाश्रयाच्या वेषात राजाश्रयाचेच काम करतो: कोणी, केव्हा खेळायचे हे हक्कधारक ठरवतो. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली पंधरा वर्षांचे व्यापारी हक्क विकले. २०१४ साली इंडियन सुपर लीग अवतरली. मैदानावरील यशाने नव्हे, तर शुल्क भरून प्रवेश देणारी ही स्पर्धा शिखरावर बसवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०१६ साली धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांपैकी धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती! गावाचा संघ म्हणजे काय, हे आम्हां पापडीकरांना सांगावे लागत नाही. करार संपतात, गाव उरते. मग निर्णय घेताना गावाला कोणीच का विचारू नये?