पायांना कुठे जायचंय?

रात्रीचे अडीच. आमच्या कोथरूडच्या घरात पॅसेजमध्ये माझ्या नेहमीच्या फेऱ्या चालल्या होत्या. बाथरूमच्या दारापासून देव्हाऱ्यापर्यंत अठरा पावलं, वळायचं, परत अठरा. तेवढ्यात समोरून एक सावली आली. मी किंचाळणारच होते, पण सावलीच बोलली, "ए, ओरडू नकोस. मामी उठेल."

आमचा दादा! म्हणजे माझा आतेभाऊ. मिसिसॉगाहून गेल्या दिवाळीला आलेला.

"जेट लॅग का रे?"

"नाही गं. पाय. आणि तू काय करतेयस इथे?"

"पाय."

दोघंही खो खो हसलो. आणि मग एकदम गप्प झालो. कारण दोघांनाही एकाच वेळी आजी आठवली होती.

ज्यांना हा प्रकार नाही, त्यांना तो समजावून सांगणं महाकठीण. पाय दुखत नाहीत. मुंग्याही येत नाहीत. पोटऱ्यांच्या आत, हाडाजवळ कुठेतरी काहीतरी वळवळतं, शिवशिवतं, आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. हलवला की दोन सेकंद बरं वाटतं. मग पुन्हा सुरू. दिवसभर मीटिंगा, ट्रॅफिक, डेडलाइन असतात तेव्हा काही नाही. रात्री अंग टाकलं रे टाकलं की पायांना कुठेतरी जायचं असतं! थिएटरमध्ये मला कोपऱ्याचीच सीट लागते. पुणे-नागपूर व्होल्वोचा रात्रीचा प्रवास म्हणजे तर शिक्षाच. ड्रायव्हर चहाला थांबला की सगळ्यात आधी मी खाली.

आजी आम्हा नातवंडांना भिंतीला धरून आपल्या पायांवर उभं करायची. "तुडवा रे जरा, शिवशिवतायत नुसते." बक्षीस म्हणून लिमलेटची गोळी. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. गोळी संपली की आम्ही पळायचो. ती मात्र जुन्या पातळाची पट्टी पोटऱ्यांना घट्ट बांधून रात्रभर कूस बदलत राहायची. तिचं दुखणं कुणी दुखणं मानलंच नाही.

त्याला नाव आहे, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने १६७२ मध्येच अशा पेशंटचं वर्णन करून ठेवलंय, की बिचाऱ्यांना अंथरूण म्हणजे छळाची जागा वाटते. नाव दिलं १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी. म्हणून याला विलिस-एकबोम आजारही म्हणतात. तो घराण्यात उतरतो, २००७ मध्ये त्याच्याशी संबंधित जीन्सही सापडले. थोडक्यात, आजीकडून मला नाक मिळालं आणि हे मिळालं.

नाव कळायच्या आधी मी काय काय केलं, विचारू नका. एका डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी "स्ट्रेस आहे, योगा करा" असं सांगितलं. मी स्वतःच डोकं चालवून सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेऊन झोपायला लागले. पाय जास्तच नाचायला लागले! पुढे कळलं, की अशा बऱ्याच गोळ्यांमधलं अँटिहिस्टामाइन हा त्रास हमखास वाढवतं. रात्रीची कॉफी आणि 'झोप लागावी म्हणून' घेतलेली वाइनही त्याच यादीत.

आणि मग आला तो सल्ला. तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. टेरेसवरच्या पार्टीत एक मित्र अगदी मनापासून म्हणाला, "अगं, झोपायच्या आधी दोन झुरके मार. पाय काय, तू पण हवेत. नॅचरल आहे यार, शंकराचा प्रसाद." मी हसले, पण नाही म्हटलं नाही. 'बघू' म्हटलं. सलग चार रात्री तीन-तीन तास झोपलेल्या माणसाचं 'बघू' म्हणजे 'हो'च असतं. दिवाळीनंतर बघायचं, असं ठरलं होतं.

त्यामुळे त्या रात्री पॅसेजमध्ये दादाने "मी तिकडे रोज गमी खातो" असं सांगितलं, तेव्हा माझे कान टवकारले. स्वयंपाकघरात बसून दूध गरम केलं आणि म्हटलं, सगळं सांग.

दादाची गोष्ट अशी. तिकडच्या डॉक्टरने आधी त्याला प्रॅमिपेक्सोल दिलं. मेंदूत डोपामाइनसारखं काम करणारं औषध. पहिल्याच रात्री तो गाढ झोपला. दोन वर्षं मजेत गेली. मग रात्री दहाला सुरू होणारा त्रास संध्याकाळी सातला सुरू व्हायला लागला, मग चारला. मग हातांनाही. या औषधांचा हा नेहमीचा दगा आहे, त्याला 'ऑगमेंटेशन' म्हणतात. डोस वाढवाल तसा आजार वाढतो. म्हणूनच २०२५ मध्ये अमेरिकन झोपतज्ज्ञांच्या संघटनेने नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या गोळ्या सर्रास देऊ नका, असं सांगितलं.

वैतागून दादा गांजाकडे वळला. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून तो कायदेशीर आहे, आणि २०१९ मध्ये खायचे पदार्थही आले. एका पाकिटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. दादा पाव गमी खायचा. तासा-दीड तासात पाय शांत. "खरं सांगतो, सहा महिने मी माणसात होतो," तो म्हणाला. "ऑफिसात लोक म्हणायचे, काय रे, लग्न ठरलं की काय?"

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चालतं की! थांबा. काही जणांना चालतं, असं तेच सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा सहा पेशंटची नोंद केली. बाकी औषधांनी हरलेले हे लोक, गांजाने बरं वाटतं म्हणत होते. २०२० मध्ये आणखी बारा जणांची नोंद आली. पण सहा आणि बारा. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याहून जास्त लोक आहेत! शिवाय या आजारात नुसत्या साखरेच्या गोळीनेही पुष्कळांना बरं वाटतं, हे औषधांच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कुणाला खरी गमी, कुणाला खोटी, अशी मोठी चाचणी झाल्याशिवाय 'गांजाने पाय थांबतात' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. चुकीचं आहे असं नव्हे. सिद्ध झालेलं नाही, एवढंच.

पण दादाची गोष्ट तिथे संपत नाही. पाव गमीची अर्धी झाली, अर्धीची एक. वर्षभरात रोज दोन पाकिटं. शरीराला सवय होते, म्हणून तेवढ्याच झोपेसाठी जास्त लागतं. आणि पुण्याला येताना अर्थातच सगळं तिकडेच ठेवावं लागलं. कॅनडाच्या सीमेबाहेर ते नेणं हा कॅनडातही गुन्हा आहे. इथे तर एनडीपीएस कायदा, १९८५. तिकडची बिलं आणि डॉक्टरची चिठ्ठी इथल्या विमानतळावर शून्य किमतीची.

पुढच्या चार रात्री मी बघितल्या. पाय तर होतेच, वर घाम, चिडचिड, आणि डोळा लागला की भयंकर स्वप्नं. टीएचसी स्वप्नांची झोप दाबून ठेवतं. अचानक बंद केलं की ती उसळून वर येते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हा माणूस फटाक्यांच्या आवाजाने नाही, स्वतःच्याच ओरडण्याने जागा झाला. आत्या दाराशी उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती नुसती आली आणि आजीसारखी त्याचे पाय दाबत बसली. अडतीस वर्षांचा दादा रडत होता. मी माझ्या 'बघू'ला तिथेच रामराम ठोकला.

कायद्याची भीती होतीच. आपल्याकडे थोड्याशा गांजासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भांग त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही, पण महाराष्ट्रात तीही विनापरवाना चालत नाही. शिवाय टेरेसवरच्या पुडीवर किती मिलिग्रॅम, हे कोण छापणार? दादाच्या पाकिटावर निदान आकडा तरी होता.

दिवाळीनंतर मी झोपेच्या आजारांच्या डॉक्टरकडे गेले. त्या माझं सगळं ऐकून घेत म्हणाल्या, "फेरिटिन केलंय कधी?" नव्हतं केलं. हिमोग्लोबिन केलं होतं, १२.१, म्हणजे 'नॉर्मल'. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. माझा निघाला १४. गंमत म्हणजे लॅबच्या रिपोर्टवर तोही नॉर्मलच छापला होता! पण या आजारात तो ७५ च्या वर हवा असतो. डोपामाइन बनवायला मेंदूला लोह लागतं, आणि रक्तात ठीकठाक असलं तरी मेंदूत ते कमी पडू शकतं. मी शाकाहारी, जेवणाबरोबर चहा (चहाने लोह नीट शोषलं जात नाही), आणि दर महिन्याचा रक्तस्राव. गणित सोपं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. त्यातल्या किती जणींचे पाय रात्री शिवशिवत असतील आणि त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या मिळत असतील?

मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तास लांब. सर्दीची गोळी बंद. आठवडाभर काही नाही. महिनाभराने पण नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी उठले आणि लक्षात आलं, की रात्री मी उठलेच नाही. पूर्ण बरी झालेय? नाही. अजून महिन्यातून चार-पाच रात्री पॅसेज असतोच. पण रोज नाही. (आणि हो, तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या खाऊ नका. जास्तीचं लोह यकृताला त्रास देतं.)

दादाचं काय? त्याचं फेरिटिन उत्तम निघालं. माझा उपाय त्याच्या कामाचा नव्हता. तिकडे परत जाऊन तो डॉक्टरशी पहिल्यांदा सगळं खरं बोलला, गमीसकट. आता गाबापेंटिन चालू आहे आणि गमी डॉक्टरच्या हिशोबाने हळूहळू कमी करतोय. दोनवरून अर्ध्यावर आलाय. "ती सहा महिन्यांची झोप मी विसरणार नाही," असं तो अजूनही म्हणतो. मी त्यावर वाद घालत नाही. ज्याने रात्री मोजल्यात, त्याला दोन झुरक्यांचा मोह का पडतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण झोपेसाठी काहीही करायला तयार झालेल्या माणसाला आधी कुणीतरी एक साधी रक्ततपासणी सांगायला हवी. आजीला कुणी सांगितलीच नाही.

परवा आईला म्हटलं, तुझंही फेरिटिन करून घेऊ. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? रात्री पाय जरा शिवशिवतात, एवढंच."

शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय.