दुखण्याचा शब्द

मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटते, तेव्हा पौड रस्त्याच्या कडेला रिकामे डबे घेतलेल्या बायका गाडीची वाट पाहत उभ्या असतात. त्यांतल्या एखादीचा हात कमरेवर असतो. अशा हातामागचं दुखणं विज्ञानाला कसं कळावं? १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास इथे आठवावा. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता.

दुखणं कळायला मोजणीसोबत बाईची गोष्टही ऐकावी लागते, असं म्हटलं की शास्त्रज्ञानं मोजावं, लेखकानं लिहावं, दोन्हींची सरमिसळ केली की काटेकोरपणा जातो, असा आक्षेप येईल. तो पूर्ण चुकीचा नाही. गोष्ट हा पुरावा नव्हे. पण बाई बोललीच नाही, तपासणीला आलीच नाही, तर मोजणार काय? ‘गोईण’ या पुस्तकात त्याच राणीताईंनी आदिवासी बायकांचं झाडांशी असलेलं नातं लिहून ठेवलं. गोईण म्हणजे मैत्रीण. बाईच्या बोलीतला शब्द जपून ऐकणारा हा कान मला डॉक्टरच्या फावल्या वेळेचा छंद वाटत नाही. तो निदानाच्या कामाचा आहे. म्हणूनच मुळशीतल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक पडदा, एक खुर्ची आणि घाई नसलेली एक डॉक्टरीण हवी.