लेकराच्या अंगावरचा वळ

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे अंतरवाली सराटी हे गाव 1 सप्टेंबर 2023 रोजी साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. पुढे चर्चा झाली ती आरक्षणाची आणि निवडणुकीची. गावातली लेकरे त्या रात्री कशी झोपली असतील, हा प्रश्न मागेच राहिला. आरक्षणाबाबत आपली भूमिका काहीही असो, भेदरलेल्या लेकराला जात नसते. मात्र दलित लेकराला भेदरवणारी अनेकदा जातच असते. जून 2018 मध्ये जळगाव जिल्ह्यातील वाकडी येथे विहिरीत पोहले म्हणून दलित मुलांना नग्न करून मारले गेले. वळ चार दिवसांत जातो. पण शरीर खरोखर विसरते काय?

विज्ञान म्हणते, नाही. भीती वाटली की छाती धडधडते, रक्तात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात. संकटातून पळण्यासाठी ती हवीतच. पण संकट रोजचे झाले आणि कुशीत घेणारे कोणी नसले, तर हाच उपाय अपाय करतो. झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, रोगाशी लढण्याची ताकद खचते. अमेरिकेत डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी 17 हजारांहून अधिक प्रौढांचे बालपण तपासले. 1998 पासून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट आहेत: बालपणी छळाचे आणि घरातील आपत्तीचे जितके प्रकार वाट्याला आले, तितका पुढे हृदयविकार, यकृताचे आजार, नैराश्य आणि व्यसनाचा धोका अधिक. ही माणसे बहुतांशी मध्यमवर्गीय, आरोग्य विमा असलेली होती. त्या प्रश्नावलीत वर्णद्वेष नव्हता, जात तर नव्हतीच. आमच्या वस्तीतल्या लेकराचा हिशेब कोण मांडणार?

आणि बोट केवळ बाहेर दाखवून भागणार नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बापाच्या हातात पट्टा, असे घर आपल्या समाजातही आहे. केंद्र सरकारच्या 2007 च्या अभ्यासात, पाहणी झालेल्या मुलांपैकी दर तिघांत दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे आढळले. 'मारल्याशिवाय पोरगं सुधारत नाही' ही म्हण कोणत्या विज्ञानातून आली? ती गुलामाला फटके मारणाऱ्याची भाषा आहे. ती आपण आपल्याच लेकरांवर का चालवावी?

पण मार खाल्लेले मूल संपलेच, असे मुळीच नाही. हवाई बेटांतील कौआई येथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत खडतर परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती, आत्मविश्वासू माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे माणूस होते. कुणाची आजी, कुणाचा शिक्षक, कुणाचा शेजारी.

हे आपल्याला नवे नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला गोणपाटावर वेगळे बसवले गेले, शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. 1901 साली गोरेगावच्या वाटेवर भावंडांसह रात्रभर पाण्याविना तळमळावे लागले. पण घरी पुस्तकासाठी लेकींचे दागिने गहाण ठेवणारे रामजीबाबा होते, माया करणारी आत्या मीराबाई होती. मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हाती ठेवणारे केळुसकर गुरुजी होते. बाबासाहेबांची प्रतिभा त्यांची स्वतःची होती, पण ती विझू न देणारे हात होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते असेच हात अनेक मुलांना मिळावेत म्हणून.

म्हणून मागणी सरकारकडे आणि समाजाकडेही आहे. शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शाळेतील मार आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. त्याची अंमलबजावणी हवी. जातीय अत्याचाराच्या प्रत्येक प्रकरणात मुलासाठी समुपदेशक हवा. आणि प्रत्येक विहारात वंदनेनंतर निदान तासभर मुलांचे ऐकून घेणारे एक मोठे माणूस हवे. लेकरू मदत मागत असेल तर 1098 हा क्रमांक आहे.

आपल्या वस्तीतल्या एका तरी लेकराचे ते भरवशाचे माणूस आपण आहोत काय? उत्तर 'नाही' असेल, तर आजच सुरुवात करा.