करडांची राखण

शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते उगीच नव्हे. ज्याच्या पदरी एकरभर कोरडवाहू जमीन आणि दोन शेळ्या, त्याच्या घरी औषधपाणी, बी-बियाणे, मुलांची पुस्तके ही पुष्कळदा करडे विकूनच येतात. अशा घरची दोन करडे बिबट्याने एका रात्रीत नेली, म्हणजे काय प्रसंग ओढवतो, याची कल्पना सुखवस्तू माणसास सहसा येत नाही. म्हणून ‘बिबट्या धरा आणि दूर नेऊन सोडा’ असे गावकरी म्हणतात, तेव्हा त्यांचा संताप मला समजतो. परंतु तो उपाय मात्र मला पटत नाही.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागाचेच पाहा. तेथे उसाचे मळे वाढले. उंच, दाट ऊस आणि जवळच पाणी. बिबट्यास लपावयास व पिल्ले वाढवावयास याहून सोयीची जागा कोणती? २००१ च्या सुमारास तेथील अनेक बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या साऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी न होता उलट वाढल्याचे दिसून आले. शिवाय एका बिबट्याची जागा रिकामी झाली, की तेथे दुसरा येऊन राहतो, तो निराळाच!

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के होता. मला याचे कारण उघड दिसते. कुत्री रात्री मोकाट हिंडतात, शेळ्या कोंडलेल्या असतात. ज्या गावाबाहेर उकिरडे माजतात आणि मेलेली जनावरे उघड्यावर टाकली जातात, तेथे कुत्री वाढतात. आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या गोठ्यापर्यंत येतो.

मात्र कोंडणे म्हणजे चार काट्या रोवून कूड घालणे नव्हे. बिबट्या कुंपणावरून उडी घेतो, छपरावर चढतो, फटीतून पंजा घालून करडू ओढतो. एकदा का तो आत शिरला, की कोंडलेल्या जनावरांना पळावयास वाट उरत नाही, आणि एकाऐवजी पाच-सहा बळी जातात. म्हणून अर्धवट गोठा हा नसलेल्या गोठ्याहूनही वाईट, असे माझे मत आहे. भिंतींप्रमाणेच वरूनही मजबूत जाळी हवी. दाराला बळकट कडी हवी. दावणीला बांधलेले वासरू उघड्या अंगणात ठेवणे, हे तर त्याला शत्रूच्या हाती देण्यासारखेच आहे.

धनगरांची रीत यापेक्षा वेगळी, कारण त्यांना घर पाठीवर घेऊन फिरावे लागते. त्यांची गाठ मुख्यतः माळरानावरच्या लांडग्याशी. कळप चरावयास गेला, की कोवळी कोकरे वाड्यावर डालग्याखाली राहतात. रात्री मेंढरांभोवती वाघर नावाचे जाळे लावतात, आणि कुत्री व माणसे जागी असतात. लांडग्याचा उपद्रव धनगराइतका कोणी सोसला नसेल. तरीही लांडग्यांच्या बिळांत धूर कोंडून पिल्ले मारणे किंवा मेलेल्या जनावरात विष घालणे, हे मला कोणत्याही सबबीवर मान्य नाही. ते विष गिधाडांनाही मारते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा व बिबट्या या दोघांनाही संरक्षण दिलेले आहे.

आता प्रश्न पैशाचा. जनावर मारले गेले, की पंचनामा होऊन वनखात्याकडून भरपाई मिळते; परंतु गाभण शेळीची वा दुभत्या गाईच्या वासराची उणीव तेवढ्याने भरून निघत नाही. दोन शेळ्यांच्या धन्याला जाळीचा खर्च झेपत नाही, हे आपण सारे जाणतो. मग जो पैसा मरणानंतर द्यावयाचा, त्यातील काही भाग आधीच गोठ्याच्या जाळीसाठी का देऊ नये? ग्रामसभेत हा प्रश्न विचारावयास कोणाचीही हरकत नसावी.