टंचाई या शब्दाची सोय

भविष्यातील दुःस्वप्नवत समाज रंगवणाऱ्या कलाकृतींविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की 'अन्नटंचाई' हा शब्द हमखास येतो. निसर्ग कोपला, जमीन नापीक झाली, म्हणून माणसे उपाशी राहिली, अशी ती ठरलेली कार्यकारणमालिका. खेळांविषयी लिहिणारे मोजके समीक्षकही तीच गिरवतात आणि भूक हा नेपथ्याचा भाग मानून कथानकाकडे वळतात. आमचा या वाचनाला विरोध आहे, आणि पुरावा म्हणून आम्ही 'सायबरपंक' हा खेळच पुढे ठेवतो.

माइक पाँडस्मिथ यांचा हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा भूमिकाखेळ १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. २०२० मधील 'सायबरपंक रेड' ही आवृत्ती २०४५ साली, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील नाइट सिटी या कल्पित शहरात घडते. तिच्या नियमपुस्तकातील राहणीमानाचे कोष्टक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी वाचावे. दरमहा १०० युरोबक मोजणाऱ्याच्या वाट्याला 'किबल' येते, म्हणजे कुत्र्याच्या कोरड्या खाद्यासारखे दिसणारे कारखानी दाणे. ३०० मोजले तर साधे पाकीटबंद जेवण, ६०० मध्ये त्यातले बरे, आणि १५०० मोजणाऱ्याला ताजे अन्न. म्हणजे ताजे अन्न या जगातून नाहीसे झालेले नाही. ते शेवटच्या ओळीत किमतीसह छापलेले आहे. कादंबरीत भूक वर्णनातून येते. येथे महिना उजाडला की खेळाडूला आपल्या पात्राच्या शिलकेतून ती रक्कम स्वतःच्या हाताने वजा करावी लागते, आणि हे वजा करणे आम्हांला पानभर वर्णनाहून अधिक बोलके वाटते.

आता शेतीचे पाहू. या जगात गहू उत्तम पिकतो. बायोटेक्निका या कंपनीने जनुकबदल करून काढलेल्या वाणापासून 'चू-टू' नावाचे मद्यार्क-इंधन बनते आणि त्यावर मोटारी धावतात. (कल्पनेची ही झेप फार लांबची नाही. अमेरिकेतील मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग आज इथेनॉलच्या कारखान्यांत जातो.) आणि शेतकरी? तोही आहे. १९९० च्या 'सायबरपंक २०२०' मध्ये नोमॅड नावाचा भटका वर्ग आहे. कंपन्यांनी जमिनी बळकावल्यावर गाड्यांत संसार भरून रस्त्याला लागलेल्या कुटुंबांचा.

१९४३ च्या बंगालमधील उपासमारीचा उलगडा केवळ धान्याच्या तुटवड्याने होत नाही, कुणाला ते मिळवण्याची ऐपत आणि हक्क उरला होता हे पाहावे लागते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच मांडले. तरीही आपण 'टंचाई' म्हणतो, कारण तो शब्द सोयीचा आहे: त्याला कर्ता लागत नाही. शासनाला ही सोय केव्हाच कळली होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ मध्ये खास कायदा करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी' बसवला. दुष्काळ गेला, टंचाई उरली. शासनाने असे करणे समजू शकते. समीक्षेने तीच परिभाषा बिनतक्रार उचलावी याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

खेळाची वकिली मात्र आम्ही सरसकट करणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने आणलेल्या 'सायबरपंक २०७७' या संगणकीय अवतारात कोपऱ्याकोपऱ्यावर खाद्ययंत्रे आहेत, जाहिराती आहेत, कृत्रिम प्रथिनांच्या पदार्थांवर उपरोधिक मजकूर आहे. पण नायकाने खाल्ले तर काही काळ त्याला थोडा लाभ होतो, आणि न खाल्ले तर त्याचे काहीच बिघडत नाही. मूळ कोष्टकातली ती वजाबाकी तेथे गळून पडली आहे, आणि समीक्षकांना हवे होते ते नेपथ्य तेवढे शिल्लक राहिले आहे.