धावण्याचे बूट आणि गावची पेठ

सावलीसारख्या तालुक्याच्या गावात धावणे हौसेपेक्षा भरतीसाठी जास्त असते. म्हणून खेळसाहित्याच्या दुकानाने शर्यतीला केलेली मदत म्हणजे निव्वळ जाहिरात, हा आक्षेप अपुरा ठरतो. पोलीस भरतीत मुलांना 1600, तर मुलींना 800 मीटर धावावे लागते; 50 गुणांच्या मैदानी चाचणीत त्याचेच 20 गुण. चुकीच्या मापाचा बूट टाच सोलतो आणि गुणही खातो. ऑनलाइन बूट स्वस्त असेल, पण पायात घालून बघता येत नाही. वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीची पेठ आहेच. मात्र जाण्यायेण्याचे भाडेही त्याच बुटाच्या किमतीत धरावे लागते. पदके, पाणी देणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक मिळते, यात लपवण्यासारखे काय? शर्यत पेठेतून गेली, तर चहावाल्याचाही गल्ला हलतो. आक्षेप घ्यायचाच तर अंतरावर घ्यावा: आयोजकांनी 1600 मीटर टेपने मोजून घ्यावेत.